आत्याचं गाठोडं आणि एक जादा पाटी

आत्या माणसांचे चेहरे विसरायची, पाय विसरायची नाही. रस्त्यात कुणी समोर येऊन "ओळखलंत का?" असं विचारलं, की ती आधी खाली बघायची आणि मग वर बघून म्हणायची, "उजव्या टाचेला काटा होता ना तुमच्या? गेला का?" समोरचा माणूस खूश होऊन जायचा. त्याचं नाव तिला शेवटपर्यंत आठवायचं नाही, आणि त्याचं तिला काही वाटायचंही नाही.

दुकान तिच्या थोरल्या भावाने काढलेलं. ज्यांना बाजारातला जोडा होत नाही, अशांच्या पायांसाठी मापाचे जोडे तिथे बनत. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांची बाकं आणि एक काचेची पेटी. त्या काचेवर अनवाणी उभं राहिलं, की खालून तळव्याचं चित्र निघायचं. मागच्या खोलीत मास्तर लाकडी साचे तासत आणि त्यांवर कातडं ताणत बसलेले. दोन्ही खोल्यांच्या मधोमध एक अरुंद बोळकांडीसारखी खोली होती. तिथे कॉम्प्युटर होता आणि त्याच्या पुढ्यात आत्या. भाऊ गेल्यावर दुकान भाच्याकडे आलं. तो मालक झाला, पण बोळकांडीतलं राज्य आत्याचंच राहिलं. गिऱ्हाइकांसमोर ती त्याला मुद्दाम "सोन्या" म्हणून हाक मारायची. दाढी पिकायला लागलेला मालक लाल व्हायचा आणि आत्याचा दिवस छान जायचा.

कॉम्प्युटरवर ती चित्रंबित्रं वापरत नसे. माऊस तिने एका फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवून दिला होता. काळा पडदा उघडायचा आणि त्यावर हुकूम लिहायचा, ही तिची रीत. आणि त्या पडद्यामागे तिने उभं केलं होतं ते तिचं झाड. प्रत्येक घराण्याचा एक फोल्डर. त्याच्या पोटात घरातल्या एकेका माणसाचा फोल्डर, माणसाच्या पोटात वर्षांचे, वर्षाच्या पोटात डावा आणि उजवा. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचे तळवे एका घरात गुण्यागोविंदाने नांदत होते. पायांचं दुखणं रक्तातून उतरतं, हे तिला डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक होतं. कुणाची टाच आत वळायला लागली, की ती बापाचा फोल्डर उघडायची आणि पुढे काय होणार ते सांगून मोकळी व्हायची.

पण लग्न झालेल्या लेकींचं काय करायचं? त्यावर आत्याने स्वतःच्या डोक्याने एक नियम काढला होता. मुलीचं लग्न झालं, की तिचा फोल्डर उचलून सासरच्या घरात ठेवायचा. बिलं तिकडून येतात ना! मात्र पाय तर माहेराचे. म्हणून तिच्या फोल्डरमध्ये "माहेर" नावाची एक पाटी लावून द्यायची. पाटी म्हणजे काही खरा फोल्डर नव्हे, नुसता पत्ता. तिच्यावर गेलं, की मशीन आपल्याला उचलून थेट बापाच्या घरात नेऊन सोडतं. उलट दिशेची पाटी मात्र ती कधी लावायची नाही. "माहेराने लेकीच्या घरात डोकावू नये, अशाने संसार मोडतात," असं ती वर सांगायची, जणू फोल्डरांनाही कान असतात.

तर एके दिवशी सकाळी त्या कॉम्प्युटरची डिस्क कण्हायला लागली. आधी घरघर, मग टकटक. भाचा दारात येऊन उभा राहिला आणि कान देऊन ऐकू लागला.

"आत्या, ही डिस्क आजच्या दिवसाचीच सोबती आहे."

"मी कधीची सांगत होते. गेल्याच वर्षी नवी डिस्क घेतली असतीस तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," भाचा म्हणाला. "आता पुढचं बोल. मी त्या कंपनीच्या माणसाला संध्याकाळी बोलावलंय. गिऱ्हाईक फक्त त्यांच्या पेटीवर उभं करायचं. मापं घेणं, सांभाळणं, सगळं तेच बघतात. आपल्या डोक्याला ताप नाही."

"आणि मी काय करायचं?"

"तू आराम कर की."

आता हा आराम शब्द आत्याला विंचवासारखा डसायचा, आणि त्याला कारण होतं. तिच्या घरी आतोबा निवृत्त होऊन बसले होते. माणूस देवमाणूस, पण सकाळी वर्तमानपत्र हातात घेत आणि ते मोठ्याने वाचत. बातम्या झाल्या की जाहिराती. जाहिराती झाल्या की छापखान्याचा पत्ता. दुपारी तेच वर्तमानपत्र पुन्हा, कारण सकाळी आत्याचं लक्ष नव्हतं अशी त्यांची तक्रार. दुकान सुटलं तर आपल्याला उरलेलं आयुष्य हे ऐकत काढावं लागणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण ती मस्करीची बाजू झाली. खरं सांगायचं तर त्या बोळकांडीबाहेर आपण कोण, हे तिला माहीतच नव्हतं, आणि ते शोधून काढायची हौस या वयात तिला उरली नव्हती.

म्हणून ती ताडकन उठली. मागून मास्तर कान टवकारून होते. भाच्याची बायको, म्हणजे सूनबाई, पुढच्या खोलीत काच पुसत होती. दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात आत्या म्हणाली, "आज दुकान बंद व्हायच्या आत माझं अख्खं झाड बिलांसाठी आणलेल्या त्या नव्या मशीनवर उतरलं नाही, तर उद्यापासून मी घरी बसते. मग घाल तुझ्या कंपनीला पायघड्या. आणि उतरलं, तर त्या माणसाला दारातूनच वाटेला लावायचं. कबूल?"

"कबूल," भाचा म्हणाला. तो लगेच कबूल झाला, हे आत्याला मुळीच आवडलं नाही.

आता झाड हलवायचं म्हणजे आधी त्याचं गाठोडं बांधायला हवं. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम होता. आत्या त्याला "गडी" म्हणायची, कारण तो घरगड्यासारखा वागायचा. एका हुकमाने कामाला लागायचा. घरात शिरायचा, पहिल्या माणसाच्या खोलीत जायचा, तिथून आतल्या खोलीत, तिथून आणखी आतल्या, अगदी शेवटच्या कोनाड्यापर्यंत. तिथलं सगळं उचलून गाठोड्यात टाकायचा, एक पायरी मागे यायचा, शेजारची खोली बघायचा. एकही दार न चुकवता, एकाच दारात दोनदा न शिरता, तो सगळं झाड पालथं घालायचा आणि जाताना प्रत्येक दाराचा पत्ता पडद्यावर लिहायचा. माणसांमध्ये असा गडी मिळत नाही, असं आत्याचं ठाम मत होतं.

फक्त एक गोष्ट त्याला आधी सांगून ठेवावी लागे. वाटेत पाटी दिसली तर काय करायचं? नुसती पाटी उपटून गाठोड्यात टाकायची, की पाटी दाखवेल त्या घरात जाऊन तिथलंही सगळं उचलायचं? आत्याने डोकं खाजवलं. पाट्यांवरचे पत्ते सगळे जुन्या मशीनचे, वरच्या टोकापासून लिहिलेले. नुसत्या पाट्या उचलल्या, तर नव्या मशीनवर त्या पाडलेल्या घराचा पत्ता सांगत उभ्या राहतील. त्यापेक्षा गड्याने प्रत्येक माहेरी जाऊन यावं. गाठोडं थोडं जाड होईल, एकेक घर दोनदा-तीनदा येईल, पण काही हरवणार नाही. शेवटी माहेराचं माहेर, त्याचं माहेर, असं करत करत कुठेतरी ते संपतंच. तिने हुकूम दिला आणि पाटीमागे जायची मुभाही दिली. गडी निघाला.

सुरुवातीला मजा होती. पत्ते भराभर वर सरकत होते आणि आत्या ओळखीचे पाय बघून मान डोलवत होती. हा चवडा, हा घोटा, ही बाई जोडा घेऊन गेली ती पुन्हा फिरकलीच नाही. मधे ती पुढे जाऊन एका गिऱ्हाइकाचं माप घेऊन आली. जेवणाचा डबा खाल्ला. गडी चालतच होता.

भाच्याने डोकं आत घातलं. "किती झालं?"

आत्याने गाठोड्याचा आकार बघितला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. अख्खं झाड जेवढं होतं, त्याच्या कितीतरी पट गाठोडं फुगलं होतं.

"होतंय," ती म्हणाली.

"एवढे पाय? आपल्याकडे आलेली सगळी माणसं गोमा होत्या की काय?"

"तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस. जा, गल्ल्यावर बस."

तो हसत गेला. मग मास्तर आले. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वाचता येत होतं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढून ते पडद्याजवळ वाकले. पडद्यावरची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती, तिथे मावेना म्हणून खाली उतरली होती, आणि तरीही वाढतच होती.

"माहेर, सासर, माहेर, सासर, माहेर, सासर," मास्तरांनी वाचलं. "आत्या, ही कोण बाई हो? सासरी दोन घटका टिकत नाही, आणि माहेरचे आल्या पावली परत धाडतात."

चहाचा पेला घेऊन सूनबाई तेवढ्यात आत आली होती. मास्तरांचं बोलणं ऐकून ती हसली नाही. तिने पेला ठेवला, रोज ठेवायची त्याच्या निम्म्या वेळात, आणि आली तशी बाहेर गेली. आत्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. चोराच्या मनात चांदणं असतं, आणि आत्याला चांदणं लांबून दिसायचं.

तिने मास्तरांना कामाला पिटाळलं आणि पडद्यापुढे बसली. "माहेर" ठीक. पण "सासर"? सासर नावाची पाटी तिने जन्मात लावली नव्हती. मग ही कुठून उपटली? तिने ओळीचं शेपूट सोडून तोंड शोधलं. तोंडाशी होतं तिचंच घर, दुकानमालकांचं. त्यात सूनबाईचा फोल्डर. त्यात माहेरची पाटी, ती आत्यानेच लग्नानंतर लावलेली. तिच्यावरून सूनबाईच्या वडिलांचं घर. आणि त्या घरात कुणीतरी "सासर" म्हणून पाटी ठोकली होती, जी सरळ दुकानमालकांच्या घरात परत येत होती. झालं! गडी बिचारा हुकमाचा ताबेदार. सुनेच्या खोलीतून तिच्या माहेरी गेला, माहेराने त्याला सासरी पाठवलं, सासरी पुन्हा सुनेची खोली लागली, तिथे पुन्हा माहेरची पाटी. प्रत्येक फेरीला तो दोन्ही घरांतले सगळे पाय इमानाने नव्याने बांधून घेत होता, आणि पत्ता लांबत गेल्यामुळे दर वेळी त्याला ते घर नवीनच वाटत होतं. घोडं कुठे पेंड खातंय ते आत्याला कळलं. गड्याला तिने कंट्रोल आणि सी एकदम दाबून जागच्या जागी उभं केलं.

अर्धा दिवस गेला होता. डिस्क टकटकत होती. भाच्याला मशीनला हात लावायचा कंटाळा, मास्तरांना भीती. राहिलं कोण?

आत्याने गळा साफ केला आणि मशीनलाच झापायला सुरुवात केली. "काय रे ए, कुणाचं ऐकून नको तिथे पाट्या ठोकतोस? खाल्ल्या घरचे वासे मोजतोस? मी पुढे मापं घ्यायला जाते तेव्हा तुझ्याकडे कोण येऊन बसतं?" लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं झालं. पुढच्या खोलीत काच पुसायचा आवाज थांबला. सूनबाई आत आली आणि मागचं दार लोटून उभी राहिली.

"मी लावली," ती म्हणाली.

"ते कळलं. शिकलीस कुठे?"

"तुमच्या पाठीमागे. मी चहा घेऊन येते तेव्हा तुम्ही लिहीत असता. म्हणून मी पेला अगदी सावकाश ठेवते."

आत्याच्या डोळ्यांपुढे गेल्या दोन वर्षांतले सगळे चहा तरळून गेले. इतक्या हळू पेला ठेवणारी सून किती शालीन आहे, असं तिने चार ठिकाणी सांगितलं होतं! कानामागून आली आणि तिखट झाली, असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण त्यात रागापेक्षा कौतुक जास्त मिसळलं असतं, म्हणून तिने ते गिळलं.

"आणि पाटी कशाला?"

सूनबाई हातातल्या फडक्याची घडी घालू लागली. मग म्हणाली, "आईच्या जोड्यांसाठी मी आमच्या घराचा फोल्डर उघडला होता. आई होती, बाबा होते, दादा होता. मीच नव्हते. तुम्ही मला उचलून इकडे आणलंत, तो तुमचा नियमच आहे, बरोबर आहे. पण तिथे माझी काही खूणच नव्हती हो. मी त्या घरात जन्मलेच नाही असं दिसत होतं. मला फार वाईट वाटलं. म्हणून म्हटलं, एक पाटी तरी असू दे."

"अगं, माहेराने लेकीच्या घरात..."

"मग तुमचा फोल्डर अजून या घरात कसा?" सूनबाईने एकदम विचारलं. "तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली! आतोबांच्या घराचा वेगळा फोल्डर आहे. मी बघितलाय. त्यात ते एकटेच आहेत."

गावभरच्या लेकी आत्याने भराभर उचलून सासरी पोचवल्या होत्या, एकीलाही विचारलं नव्हतं. स्वतःचे दोन पाय मात्र भावाच्या घरात, भावाच्या पायांशेजारी ठेवून ती गप्प बसली होती. दर वर्षी ती म्हणायची, हलवू पुढच्या वर्षी. हलवायला हात उचलायचा नाही. का उचलायचा नाही, ते तिला आत्ता या पोरीच्या तोंडून कळत होतं, आणि तिला लाज वाटली.

"ती नजरचूक आहे," आत्या म्हणाली. दोघींपैकी एकीचाही त्यावर विश्वास बसला नाही.

"बरं, एवढं सगळं येतं तर बोलली का नाहीस?"

"यांना कळलं असतं तर यांनी तुम्हाला लगेच घरी बसवलं असतं आणि मला या खुर्चीत. घरचं माणूस म्हणून फुकटात."

यावर आत्याला हसू आवरेना. भाच्याला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्यामुळे हे शंभर टक्के खरं आहे हे तिला समजलं. पण हसता हसता दुसरीही गोष्ट समजली. आज गाठोडं उतरलं नाही, तर कंपनी येणार. उतरलं आणि त्याला या पोरीची करामत कळली, तर ही येणार. खुर्ची दोन्हीकडून जाणार.

"पाटी काढून टाकते मी," सूनबाई म्हणाली. "मग तुमचा गडी अडकणार नाही."

"हात लावू नकोस तिला," आत्या म्हणाली. आपण असं का म्हणालो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. "पाटी राहील. पण आता गड्याला सगळ्या माहेरी फिरायला वेळ नाही. तो नुसत्या पाट्या उपटून आणेल, आणि नव्या मशीनवर त्या सगळ्या चुकीचा पत्ता सांगतील. शेकड्यांनी आहेत. एकेक बदलत बसलं तर आठवडा जाईल."

"पूर्ण पत्ता लिहायचाच कशाला?" सूनबाईने विचारलं. "इथून दोन पायऱ्या वर जा आणि अमक्यांच्या घरात शिर, एवढंच लिहायचं. मशीन बदललं काय, कपाट बदललं काय, शेजार तर तोच राहतो ना. आणि एकेक कशाला बदलायची? एकच हुकूम लिहिते, तो सगळ्यांना लागेल."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. मग तिने कोपऱ्यातलं स्टूल पायाने पुढे ओढलं आणि त्यावर स्वतः बसली.

"बस खुर्चीवर. मी गाठोडं बांधते, तू नव्या मशीनवर सोड आणि पाट्या लाव. आणि चहा इतका गार देत जाऊ नकोस."

या वेळी गडी पाट्यांमागे गेला नाही. पाटी दिसली की उपटायचा, काखोटीला मारायचा आणि पुढच्या दारात शिरायचा. बघता बघता झाड संपलं. गाठोडं एवढंसं झालं. नव्या मशीनवर ते सुटलं, घरं आपापल्या जागी उभी राहिली, आणि सूनबाईच्या एका हुकमासरशी पाट्यांनी माना वळवल्या. त्या दोघी एकमेकींना ढोसत होत्या, एकमेकींच्या चुका काढत होत्या, आणि जुन्या डिस्कने शेवटची टकटक कधी केली ते त्यांना कळलंही नाही.

दुकान बंद व्हायला थोडा वेळ असताना भाचा कंपनीच्या माणसाला घेऊन आत आला. सूनबाई टुणकन उठली आणि स्टुलामागे जाऊन उभी राहिली. आत्या खुर्चीत सरकली.

"उतरलं?" भाच्याने विचारलं.

"उतरलं."

"दाखव. कुणाचंही नको, हिचंच दाखव." त्याने बायकोकडे बोट केलं. "हिचे तळवे असे पोळपाटासारखे सपाट कुणावरून गेले, ते या साहेबांनाही कळू दे."

आत्याने उघडलं. दुकानमालकांचं घर, सूनबाईची खोली, माहेरची पाटी. पाटीने वडिलांच्या घरात नेलं. तिथे आईचे तळवे होते, तसेच सपाट. कंपनीच्या माणसाने मान हलवली. असं काही त्यांच्या पेटीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण भाच्याचं लक्ष भलतीकडेच होतं.

"ही 'सासर' पाटी कसली? आपल्याकडे अशी नसते."

"मी लावली," आत्या म्हणाली. त्याच क्षणाला मागून सूनबाईही म्हणाली, "मी लावली."

भाच्याने दोघींकडे पाळीपाळीने बघितलं.

"मी सांगितली, हिने लावली," आत्याने सारवासारव केली. "शिकवतेय मी तिला. दोन वर्षं झाली. आजचं निम्मं काम तिनेच केलंय." ती खोटं बोलली ते पहिल्या दोन वाक्यांपुरतंच, आणि सून चोरून शिकली असं नवऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून बोलली.

भाचा शब्दाचा पक्का. त्याने कंपनीच्या माणसाचे आभार मानले आणि त्याला रस्त्यापर्यंत सोडून आला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"आत्या, जिंकलीस तू. आणि माझी काळजीच मिटली. ही सगळं बघेल की आता. तू खूप राबलीस गं. बाबा गेल्यावर तू नसतीस तर मी दुकान विकलं असतं. आता खरंच घरी बस, आतोबांना सोबत दे."

तो हे प्रेमाने बोलला, आणि त्यामुळेच आत्याला त्याच्याशी भांडता येईना. कुत्सित बोलला असता तर तिने त्याची पळता भुई थोडी केली असती. ती उठली. चष्मा डबीत घातला. माऊसवरचं फडकं काढलं, झटकून घडी केलं आणि माऊस नव्या मशीनशेजारी ठेवला. खुंटीवरची पिशवी घेतली. मास्तर दारात येऊन उभे होते. डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून आत्या पिशवीत उगाच किल्ली शोधत राहिली.

"आत्या," मागून सूनबाईचा आवाज आला. "हे काय म्हणतंय हो?"

पडद्यावर नकाराची ओळ होती. दुपारभर पडद्याकडे न बघता हुकूम ठोकणाऱ्या सूनबाईने गाठोडं बांधायचा साधा हुकूम आता उलटा लिहिला होता. आधी गाठोड्याचं नाव आणि मग कशाचं गाठोडं बांधायचं ते यायला हवं, तर तिने बरोबर अदलाबदल केली होती.

"काय झालं?" भाचा घाबरला. "गेलं का सगळं?"

"मला नाही हो कळत," सूनबाई रडवेलं तोंड करून म्हणाली. "आत्या शेजारी बसून सांगतात तेवढंच मला येतं. एकटीला काही सुचत नाही."

"आत्या, थांब जरा. तुला घाई आहे का?"

आत्याने सूनबाईकडे बघितलं. त्या रडवेल्या तोंडात डोळे अगदी कोरडे होते.

"घाई कसली," आत्या म्हणाली. तिने पिशवी खुंटीला लावली, चष्मा डबीतून काढला आणि स्टूल ओढून बसली. भाचा हुश्श करून गल्ल्याकडे गेला. मास्तर मिशीत हसत साच्यांकडे वळले.

"उद्याही मला हे येणार नाही," सूनबाई पडद्याकडे बघत हळूच म्हणाली. "परवा दुसरं काहीतरी विसरेन."

"विसर," आत्या म्हणाली. "पण चुका जरा मन लावून करत जा. ही फारच सोपी होती, सोन्यालासुद्धा उद्यापर्यंत कळेल."